लॅग चालणार नाही म्हणे

गेल्या महिन्यात माझ्या एका अनुवादाची मुद्रितं परत आली. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीचं खगोलशास्त्राचं पुस्तक. प्रकाशकाचं नाव सांगत नाही, कारण हा रोग एका प्रकाशकाचा नाही. कृष्णविवरांच्या प्रकरणात एक अख्खा परिच्छेद तांबड्या शाईनं आडवा कापला होता आणि समासात लिहिलं होतं, "लॅग, पिंग हे शब्द मराठी नाहीत. 'शेवया' या शब्दाने विषयाच्या गांभीर्यास बाधा येते." कापलेल्या जागी संपादकांनी स्वतःचं वाक्य घातलं होतं: "घटनाक्षितिजानजीक अवपाती वस्तूची कालगती दूरस्थ निरीक्षकास उत्तरोत्तर मंदावत जाऊन शून्यवत भासते."

वाक्य चुकीचं नाही. भौतिकशास्त्राचा कुठलाही प्राध्यापक त्याला पूर्ण गुण देईल. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य तेरा वर्षांचं मूल वाचेल, पाठ करेल, कदाचित परीक्षेत लिहीलही. पण शेजारच्या मुलाला ते कधी सांगणार नाही. आणि जे वाक्य एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जात नाही, ते भाषेत आलं असं मी मानत नाही. ते फक्त छापलं गेलं.

कापलेला परिच्छेद मी कुठून उचलला होता ते आता सांगते.

माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी बंगळुरूला आमच्याकडे राहतो. रात्री साडेअकरानंतर त्याच्या खोलीतून आवाज येतात. "मागून येतोय, मागून!" "मला उचल, मला उचल." "अरे लूट सोड आधी." चौघांची टोळी आहे: हा, एक कोचीचा, एक इंदूरचा आणि एक कोलकात्याची मुलगी. चौघे एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेले नाहीत. भाषा म्हणाल तर हिंदी आणि इंग्रजीची खिचडी, आणि राग आला की ज्याची त्याची मायबोली. मी अनुवादक. दिवसभर एका भाषेतून दुसरीत जाणं हा माझा धंदा. तरीही दोन वर्षं त्या दाराबाहेरून जाताना मला तो निव्वळ गोंगाटच वाटायचा. एका चर्चासत्रात एक ज्येष्ठ समीक्षक या मुलांच्या बोलण्याला 'शब्दांचा उकिरडा' म्हणाले, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या रात्री इंदूरच्या मुलाचा गेम अपडेट होत होता आणि बाकीचे ताटकळले होते. वेळ काढायला त्यांनी खेळ सुरू केला. पहिल्यानं एक शब्द म्हणायचा, पुढच्यानं तो ऐकून तीन सेकंदांत मनात येईल तो पहिला शब्द म्हणायचा. विचार करायचा नाही. अडखळला तो बाद. आमच्या लहानपणीच्या भेंड्यांचाच हा चुलतभाऊ, फक्त अक्षराऐवजी अर्थाच्या शेपटीला धरून चालणारा. फ्रान्सिस गाल्टननं १८७९ मध्ये हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता आणि पुढे युंगनं रुग्णांवर. या मुलांना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. मी दुधाचा पेला घेऊन दारात उभी होते.

इंदूर म्हणाला, "लूट." कोलकाता म्हणाली, "चोर." भाचा म्हणाला, "माखन." कोची म्हणाला, "कृष्ण." इंदूर, "काला." कोलकाता क्षणभरही न थांबता म्हणाली, "ब्लॅक होल." भाचा, "खड्डा." इथे सगळे हसले, कारण चौघांच्याही शहरांत पावसाळा होता. मग कोचीनं एकदम "तमोगर्तम्" म्हटलं. इंदूरचा ओरडला, "क्या? ये क्या बोला?" कोची म्हणाला, ब्लॅक होलला आम्ही हेच म्हणतो, चालतं. पंचांत मतभेद झाले, शब्द मान्य झाला आणि साखळी पुन्हा ब्लॅक होलवर आली. "स्पॅगेटी." "मॅगी." "दो मिनट." आणि भाचा म्हणाला, "किसके दो मिनट?"

खेळ तिथं मोडला, कारण तो शब्द नव्हता, प्रश्न होता. आणि सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं.

जरा थांबून या साखळीकडे पाहा. 'लूट' हा गेमरांचा रोजचा शब्द. अठराव्या शतकात कंपनीच्या लोकांनी तो इथून इंग्रजीत नेला, मालासकट. तीनशे वर्षांच्या आत तो कुठल्या तरी परदेशी स्टुडिओत पेट्यांवर चिकटून परत आला आणि इंदूरच्या मुलाच्या तोंडी बसला. त्यानं तो उसना घेतला की वसूल केला? संपादकांच्या निकषानं तो मराठी धरायचा, हिंदी धरायचा की इंग्रजी?

पण मला बोलायचंय ते पुढच्या दहा मिनिटांबद्दल. कोचीच्या मुलाला यातलं बरंच ठाऊक होतं. 'आउटर वाइल्ड्स' नावाचा एक गेम आहे, त्यात एका पोकळ ग्रहाच्या पोटात ब्लॅक होल असतं. तो खेळून त्याला वेड लागलं आणि मग त्यानं वाचायला घेतलं. तो समजावू लागला. समज, आपल्यातला एक जण ब्लॅक होलकडे पडतोय आणि आपण लांबून बघतोय. तो आपल्याला हळूहळू सावकाश होताना दिसेल. काठापाशी पोचेपर्यंत इतका सावकाश की आपल्या लेखी तो काठ ओलांडतच नाही. तिथेच थिजलेला दिसतो, तांबडा होत जातो, मंद होत जातो आणि विझतो. त्याच्या स्वतःच्या घड्याळात मात्र काहीच अडलेलं नसतं. तो सरळ आत गेलेला असतो.

दोन-तीन सेकंद शांतता. मग इंदूरचा म्हणाला, "मतलब लॅग."

म्हणजे काय, ते न खेळणाऱ्या वाचकांसाठी सांगते, मलाही भाच्यानंच सांगितलं. नेटवर्क अडखळलं की समोरचा खेळाडू तुमच्या पडद्यावर दारात उभाच्या उभा राहतो. तो खरं तर केव्हाच घरात शिरलाय, वर गेलाय, कदाचित मेलायसुद्धा. तुमच्यापर्यंत ती बातमी पोचलेली नाही. तुम्ही पाहताय ती त्याची जुनी खबर. हा लॅग. आणि तुमचा संदेश जाऊन परत यायला जितके मिलिसेकंद लागतात तो पिंग. चाळीस पिंग म्हणजे मजा, तीनशे म्हणजे शिव्या.

कोचीचा ओरडला, "एक्झॅक्टली! काठाजवळ पिंग वाढत वाढत इन्फिनिटी." कोलकात्याची म्हणाली, "आणि रिकनेक्ट नाही."

मी दारात तशीच उभी. याच मुद्द्यावर मी अकरा दिवस अडकले होते. मूळ पुस्तकात दीड पानाचं स्पष्टीकरण होतं, आगगाडी आणि घड्याळांचं, शंभर वर्षांपूर्वीच्या युरोपातून आलेलं. मी त्याचं मराठी करत होते आणि ते मराठी वाचून मलाच काही दिसत नव्हतं. इथं एका मुलानं दोन अक्षरांत ते आणून ठेवलं, दुसऱ्यानं त्याला गणिती टोक काढलं आणि तिसरीनं उपमा कुठे संपते तेही सांगितलं. उपमेची हद्द सांगणं हे काम विज्ञानलेखक सहसा विसरतात. लॅग गेला की खेळाडू परत हलू लागतो; क्षितिजापलीकडे गेलेला परत जोडला जात नाही. 'रिकनेक्ट नाही' यात ते सगळं आलं.

आणि उपमा वरवरची नाही, हे मी नंतर दोन भौतिकशास्त्रज्ञ मित्रांना विचारून खात्री करून घेतलं. लांबच्या माणसाला जे दिसतं ते संदेश पोचण्यावरच अवलंबून असतं. काठाजवळून निघालेला प्रत्येक पुढचा संदेश आधीच्यापेक्षा जास्त उशिरा पोचतो आणि काठावरून निघालेला कधीच पोचत नाही. फरक इतकाच की इथे तार खराब नसते. तिथलं अवकाश आणि काळ, दोन्हींची ठेवणच तशी असते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ या वस्तूला बरीच वर्षं 'गोठलेला तारा' म्हणत, कारण त्यांचा डोळा बाहेरच्या पडद्यावर होता. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ 'कोसळलेला तारा' म्हणत, कारण ते पडणाऱ्याबरोबर आत जात. दोन्ही खरं. लॅगला दोन्ही एकदम माहीत असतात: तुझ्या पडद्यावर तो उभा, त्याच्या पडद्यावर तो आत.

त्यानंतर भाचा इंदूरच्या मुलाला म्हणाला, "तू जा आत, तुझ्या शेवया होतील." इंग्रजीत स्पॅगेटी म्हणतात ते हेच. पायाजवळचं गुरुत्वाकर्षण डोक्याजवळच्यापेक्षा इतकं जास्त की शरीर लांब लांब ओढलं जातं आणि बाजूनं आवळलं जातं. इंदूरच्यानं विचारलं, शेवया आधी की दार आधी? माझ्या संपादकांनी हा प्रश्न विचारला असता तर मी त्यांच्या पाया पडले असते. कारण उत्तर विवराच्या आकारावर आहे. सूर्याच्या काही पट वस्तुमानाचं छोटं विवर असेल तर दारापर्यंत पोचायच्या आधीच शेवया. एम-८७ दीर्घिकेच्या मध्यातल्यासारखं, साडेसहा अब्ज सूर्यांएवढं असेल तर तुम्ही दार ओलांडाल आणि कळणारही नाही. शेवया नंतर, आत. जितकं राक्षसी विवर तितकं दार सौम्य. हे मी तौलनिक साहित्याच्या एम.ए.त शिकले नव्हते.

आता संपादकांच्या गांभीर्याकडे येते. हा विषय गंभीर झाला तो कुणामुळे? 'ब्लॅक होल' हे नावच मुळात एक उनाड शब्द आहे. जॉन व्हीलर १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत 'गुरुत्वाकर्षणाने पूर्णतः कोसळलेली वस्तू' असं पुन्हा पुन्हा म्हणून थकले, तेव्हा श्रोत्यांतून कुणीतरी हा शब्द सुचवला. व्हीलरनी तो उचलला आणि जगानं त्यांच्याकडून घेतला. श्रोता कोण होता ते कुणालाच माहीत नाही. शब्द त्याआधीही हवेत होता, १९६४ मध्ये छापूनही आला होता. मागे जाता जाता एक धागा प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिकीपर्यंत पोचतो. अशा ताऱ्याबद्दल बोलताना तो गमतीनं 'ब्लॅक होल ऑफ कलकत्ता' म्हणायचा. घरात वस्तू हरवली की तो हेच ओरडायचा, असं त्याच्या मुलांच्या आठवणींत नोंदलेलं आहे.

म्हणजे १७५६ च्या जूनमधली फोर्ट विल्यममधली ती चौदा बाय अठरा फुटांची कोठडी. आत किती माणसं कोंडली होती यावर इतिहासकार अजून भांडतात. हॉलवेलनं सांगितलेला १४६ चा आकडा फारसं कुणी मानत नाही. पण साम्राज्यानं ती गोष्ट इतकी उगाळली की दोनशे वर्षांनी एका अमेरिकन स्वयंपाकघरात ती म्हण झाली आणि तिथून आकाशात गेली. कोलकात्याच्या मुलीनं 'काला'नंतर न थांबता 'ब्लॅक होल' म्हटलं ते का, हे मी नंतर भाच्याकरवी विचारलं. ती म्हणाली, शाळेत इतिहासाच्या तासाला आधी तेच शिकलो, तारेबिरे नंतर. आम्ही सगळ्यांनी आपापल्या भाषांत सभ्य संस्कृत शब्द केले आणि ही कोठडी पुसून टाकली. खेळातल्या तीन सेकंदांत ती पुन्हा उघडली.

एवढ्यावर भौतिकशास्त्रज्ञ थांबले नाहीत. 'ब्लॅक होलला केस नसतात' हे त्यांचं एक अधिकृत प्रमेय आहे: आत काहीही पडो, बाहेरून फक्त वस्तुमान, विद्युतभार आणि फिरकी एवढंच कळतं, बाकी सगळं टक्कल. या वाक्यावर फाइनमननं व्हीलरला अश्लील म्हणून छेडलं होतं. किप थॉर्न यांनी लिहून ठेवलंय की भौतिकशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकाच्या संपादकानं असले शब्द माझ्या अंकात छापणार नाही असं बजावलं होतं. त्याचं काय झालं ते सांगायला नको. आज तेच शब्द शोधनिबंधांच्या शीर्षकांत असतात. क्वार्क हा शब्द तर मरी गेलमननं जॉइसच्या कादंबरीतून उचलला. ज्यांच्या विज्ञानाच्या गांभीर्याला आपण जपतोय, ते स्वतः असे शब्द खेळत आलेत. गांभीर्य सगळं आपल्याकडे, अनुवादात.

मराठीनं हे कधी केलंच नाही, असं नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत कुणा नारायण विनायक जगताप यांच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर: आद्याक्षरं उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतलेली. जागतिक कीर्तीचा खगोलशास्त्रज्ञ टोपणनावानं शाळकरी उत्साहात स्पर्धेला उतरतो, हाही एक खेळच. 'कृष्णविवर' हा शब्द आज मराठी वाचकाला परका वाटत नाही, त्यात त्या कथेचा वाटा कुठल्याही कोशापेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे. राज्याचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे, केंद्राचा शब्दावली आयोग १९६१ पासून. त्यांनी कष्टानं केलेल्या याद्या मी रोज उघडते, त्यांची टवाळी करणार नाही. पण यादी शब्दाला जन्मदाखला देते, त्याला अंगणात खेळायला कुणी सोडायचं? 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' टिकले ते सावरकरांनी सुचवले एवढ्यामुळे नव्हे, वर्तमानपत्रांनी आणि सिनेमावाल्यांनी ते दुसऱ्या दिवसापासून राबवले म्हणून. खगोलशास्त्राला रोज राबवणारं कोण आहे आपल्याकडे? रात्री साडेअकरानंतरची ही मुलं.

हे मासिक अनेक भाषांचं आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. तेलुगूत कृष्णबिलं, तमिळमध्ये करुंदुळै, मल्याळममध्ये तमोगर्तम्, गुजरातीत श्यामविवर, बंगालीत कृष्णगह्वर. परिभाषेच्या नजरेनं ही एकाच वस्तूची पाच लेबलं. साखळी खेळणाऱ्या माणसाला मात्र ही पाच वेगळी दारं आहेत. मी जादवपूरला शिकत असताना पहिल्यांदा 'गह्वर' ऐकलं आणि माझ्या मराठी कानाला 'गहिवर' ऐकू आला. आजही बंगाली कृष्णविवर मला थोडं रडवेलं वाटतं. तेलुगू 'बिल' ऐकलं की बीळ, आणि बिळात साप. मराठीत विवर म्हणा, की शेजारी गोट्यांची गल, चोराचं भुयार, किल्ल्याचं भगदाड, रस्त्यावरचा खड्डा. आणि 'घटनाक्षितिज' म्हटलं की मराठी मुलाच्या डोक्यात आधी राज्यघटना येते, म्हणजे डॉ. आंबेडकर. हिंदी मुलाच्या येत नाहीत, त्यांचं संविधान. 'काळ' या एका शब्दात आपल्याकडे वेळही आहे आणि मृत्यूही, आणि काळा रंग शेजारीच उभा. याचा उपयोग करून घेणारा एकही विज्ञानलेख मी मराठीत वाचलेला नाही. बहुधा समासात तांबड्या शाईनं 'श्लेष टाळावा' असं लिहिलं गेलं असेल.

या बाजूनं बोलले की तीन आक्षेप ठरलेले.

पहिला: खेळातून चुकीचं विज्ञान पसरतं. पसरतं. १३ ऑक्टोबर २०१९ ला 'फोर्टनाइट'नं आपला अख्खा नकाशा एका कृष्णविवरात ओढून घेतला आणि पुढचे जवळपास दोन दिवस जगभरच्या खेळाडूंना पडद्यावर नुसतं ते काळं वर्तुळ दिसत होतं. त्याच वर्षी १० एप्रिलला एम-८७ च्या विवराचं पहिलं खरं चित्र जगानं पाहिलं होतं. फोर्टनाइटचं विवर झाडूवाल्या यंत्रासारखं सगळं शोषत होतं, आणि तसं नसतं. सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आज फिरते तशीच फिरत राहील, फक्त अंधारात आणि थंडीत. पण ही चूक 'होल' या शब्दातच आहे, आणि 'विवर' शब्दातही आहे. कोशानं ती दुरुस्त केलेली नाही. त्या रात्री ती दुरुस्त केली कोचीच्या मुलानं. इंदूरचा म्हणाला, "सब खींच लेता है." हा म्हणाला, "नाही, जवळ गेलास तरच. झोनसारखं तुझ्या मागे येत नाही ते." चुकीची उपमा जिथे बोलली जाते तिथेच ती टोकता येते. जो मुलगा 'अवपाती वस्तू' म्हणून गप्प बसतो, त्याच्या डोक्यात काय आहे ते शिक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला माझ्याकडे छान उत्तर नाही. ही दुनिया घाणेरडी आहे. आईबहिणींवरून शिव्या आहेत, जातीवरून आहेत. कोलकात्याची मुलगी अनोळखी लोकांबरोबर खेळताना माइक बंद ठेवते, कारण मुलीचा आवाज आला की पुढचा अर्धा तास कसा जातो ते तिला माहीत आहे. ती बोलते फक्त या तिघांत. त्या रात्रीचा 'ब्लॅक होल' हा शब्द मला मिळाला तो चार माणसांचा एक कोपरा सुरक्षित होता म्हणून. हे दुसऱ्या खोलीत झालं असतं तर साखळीत तीनच आवाज असते. गेमरांना मी भाषेचे संत म्हणत नाहीये. पण आमच्या साहित्यिक बैठकांत बायकांचे माइक किती काळ बंद होते, हेही जरा आठवून मगच नाक मुरडावं.

तिसरा आक्षेप शुद्धतेचा. लॅग मराठी नाही. बरं. मग 'पेन' कुणाचा, 'बादली' कुणाची, 'तारीख' कुणाची? पोर्तुगीज बादलीनं पाणी भरताना आपण आंघोळीचं गांभीर्य तपासत नाही. ज्या शब्दाला मराठी मुलं मराठी प्रत्यय लावतात, 'लॅगतोय', 'लॅगला', 'लॅगून मेलो', तो शब्द व्याकरणानं घरात घेतलेला आहे. दारावरच्या रखवालदाराला अजून कळलेलं नाही इतकंच. त्याच्या पडद्यावर तो बाहेरच उभा आहे.

आणि गंमत अशी की 'शेवया' तर नखशिखान्त मराठी. पाटावर वळून, खाटेवर चादर पसरून वाळवलेल्या. त्यालाही हरकत! म्हणजे हरकत परकेपणाला नव्हतीच. हरकत होती स्वयंपाकघराला आणि खेळाच्या खोलीला. इटलीचं स्वयंपाकघर भौतिकशास्त्रात चालतं, आजीचं चालत नाही.

हे सगळं एका परिच्छेदासाठी का ताणतेय? कारण हिंगोली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशातच जी लहर उठते, ती टिपणारं यंत्र. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली: एक विवर ३६ सूर्यांएवढं, दुसरं २९, आणि टक्कर झाल्यावर तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून गेलेलं. हे यंत्र मराठी बोलणाऱ्या, मराठीतूनच शिकणाऱ्या तालुक्यात बसणार आहे. औंढ्याच्या शाळेतला मुलगा रस्त्यानं जाताना त्या चार किलोमीटरच्या भुजा पाहील. त्याच्या खिशात मोबाइल असेल, मोबाइलमध्ये गेम असेल, आणि लॅग म्हणजे काय हे त्याला आमच्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत असेल, कारण त्याचं नेटवर्क आमच्याहून वाईट आहे. शाळेच्या वाचनालयात मराठीतलं पुस्तक म्हणून त्याच्या हाती पडणार ते हे. यात त्याला 'अवपाती वस्तू' सापडावी की त्याचाच रोजचा थिजलेला भिडू?

मी मुद्रितं परत पाठवलीत. कापलेला परिच्छेद पुन्हा लिहून घातलाय, 'लॅग', 'पिंग', 'शेवया' सगळ्यांसकट, आणि एक ओळ वाढवलीये: "शेवया आधी की दार आधी, ते विवर केवढं आहे त्यावर ठरतं." संपादकांचं वाक्य मी खोडलेलं नाही. ते खाली ठेवलंय, ज्याला परीक्षेत लिहायचंय त्याच्यासाठी. सोबत पत्रात लिहिलंय की परिच्छेद काढायचा असेल तर अनुवादक म्हणून माझंही नाव काढा.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. भाचा म्हणतो, "मावशी, त्यांचा पिंग जास्त असेल."